कर्णा कुठे ठेवायचा? : घरगुती संगीतयंत्राच्या आकाराचा इतिहास

१

जागा कमी व्यापणारा, दिसायला देखणा आणि आवाजाला चांगला, अशी तीन विशेषणे घरासाठी संगीतसंच घेऊ पाहणारा माणूस एका दमात उच्चारतो. हे तीन गुण एकाच वस्तूत सुखाने नांदतील असे त्याने मनोमन गृहीत धरलेले असते. वस्तुतः या तिघांचे आपसात फारसे पटत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत घरगुती संगीतयंत्राला जी जी रूपे लाभली, ती या तिघांमध्ये वेळोवेळी घडवून आणलेल्या तडजोडींची रूपे आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कुणी विचारील. नियतकालिकांच्या पानसंख्येने मराठी कथेचा घाट कसा ठरवला याची चर्चा आपण वर्गात करतो; छापखान्याने वाचनाची रीत कशी बदलली हेही शिकवतो. संगीताच्या बाबतीत ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांनी रागमांडणी कशी आखडून घेतली याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ती ध्वनिमुद्रिका ज्या पेटीवर वाजली ती पेटी घरात कुठे ठेवली होती, तिच्यासमोर कोण बसत होते आणि कोण आतल्या खोलीतून ऐकत होते, हे प्रश्न सहसा उपस्थित होत नाहीत. पुस्तकाच्या आकाराबरोबर वाचकाची बैठक बदलते, तशीच संगीतयंत्राच्या आकाराबरोबर श्रोत्याची घरातली जागा बदलत गेली आहे. ती कशी बदलली याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. सपाट तबकडी, तिच्या चरीतून फिरणारी सुई, सुईमुळे थरथरणारा पातळ पडदा आणि त्या पडद्याचा क्षीण आवाज खोलीभर नेणारा कर्णा, एवढेच हे यंत्र होते. विजेचा त्यात कुठेही संबंध नव्हता. त्यामुळे कर्णा ही शोभेची बाब नव्हती. कर्णा काढला तर उरते ती कानाजवळ डास गुणगुणल्यासारखी कुजबुज. आवाज म्हणजे हवेची हालचाल. बोटभर पडद्याला खोलीतली हवा हलवायची असेल, तर मध्ये क्रमाक्रमाने रुंदावत जाणारी वाट हवी. जितका स्वर खर्जाचा, तितका कर्णा लांब आणि त्याचे तोंड मोठे.

मुद्रणाच्या वेळीही हाच कर्णा होता. फ्रेड गायसबर्गने १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गायिकेला कर्ण्यात तोंड घालून, आवाज चढवून गावे लागत होते. म्हणजे एका कर्ण्यात गायलेले गाणे शेकडो कोस दूर दुसऱ्या कर्ण्यातून बाहेर पडत असे. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतलेल्या फ्रान्सिस बॅरोच्या चित्रात कर्ण्याशी कान लावून बसलेला कुत्रा आहे. त्या चित्रात यंत्र आहे, श्रोता आहे आणि श्रोत्याची जागाही ठरलेली आहे: कर्ण्याच्या तोंडासमोर.

अडचण दिवाणखान्याची होती. ज्या घरांना हे यंत्र परवडत होते, त्या घरांत भारी लाकडी सामान, गालिचे आणि पियानो आधीच मांडलेले होते. त्यांच्यामध्ये पितळी किंवा रंगीत पत्र्याचा, धूळ धरणारा, येता-जाता अंगाला लागणारा कर्णा विजोड दिसे. अमेरिकेतल्या व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीच्या एल्ड्रिज जॉन्सनने १९०६ मध्ये यावर उपाय काढला. त्याने कर्णा खाली वळवला आणि सुमारे चार फूट उंचीच्या लाकडी कपाटात बंद केला. समोर दोन झडपा ठेवल्या. आवाज मोठा हवा असेल तर झडपा उघडायच्या, लहान हवा असेल तर लोटून घ्यायच्या. या यंत्राला 'व्हिक्ट्रोला' हे नाव मिळाले आणि त्याची किंमत होती २०० डॉलर. दोनच वर्षांनी फोर्डची 'मॉडेल टी' मोटार ८५० डॉलरला बाजारात आली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कपाटाची प्रतिष्ठा कळते. व्हिक्ट्रोला घरातले एक सामान म्हणून विकली गेली आणि अमाप खपली.

कर्णा लपला, पण त्याने जागेची मागणी सोडली नव्हती. १९२५ मध्ये विद्युत-ध्वनिमुद्रण आले आणि तबकडीत पूर्वी कधी न उतरलेला खर्ज उतरू लागला. तो ऐकवण्यासाठी व्हिक्टरच्या नव्या 'क्रेडेन्झा' यंत्रात सुमारे सहा फूट लांबीच्या कर्ण्याला घड्या घालून कपाटात बसवावे लागले. त्याच काळात लंडनमध्ये ई.एम.जी. नावाची लहानशी कंपनी नेमका उलटा मार्ग चोखाळत होती. तिचे ग्रामोफोन हाताने बनवलेले असत आणि त्यांवर कागदी लगद्याचा अवाढव्य, उघडा कर्णा असे. खोली सुंदर दिसावी की संगीत चांगले ऐकू यावे, यांतल्या दुसऱ्या पर्यायाला कौल देणाऱ्या थोड्या लोकांसाठी ही यंत्रे होती. टी. ई. लॉरेन्सच्या क्लाउड्स हिल या लहानशा घरात असलाच प्रचंड कर्ण्याचा ग्रामोफोन होता, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांना रोचक वाटेल.

व्हिक्ट्रोला आली त्याच १९०६ मध्ये जॉन फिलिप सूझा या अमेरिकन बँडप्रमुखाने यांत्रिक संगीताच्या धोक्याविषयी एक लेख लिहिला. घरोघरी यंत्र आले की लोक स्वतः गाणे-वाजवणे सोडतील, ही त्याची भीती होती. गंमत अशी की सूझाच्याच बँडच्या तबकड्या व्हिक्टर कंपनी विकत होती. सूझाला गाणाऱ्याची काळजी होती. ऐकणाऱ्याचे काय होईल हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

३

आपल्याकडे ही कथा वेगळ्या वळणाने गेली. १९०८ पासून कोलकात्यातल्या कारखान्यात तबकड्या तयार होऊ लागल्या आणि नाट्यगीते, ठुमऱ्या, भजने मराठी मुलखात पोहोचली. पण यंत्र बाळगणारी घरे मोजकी होती. बहुसंख्यांनी हे संगीत ऐकले ते दुसऱ्याच्या यंत्रावर: दुकानात, उपाहारगृहात, जत्रेत, नाहीतर शेजारच्या माडीवरून खाली येणाऱ्या आवाजातून. भीमसेन जोशींनी लहानपणी गदगला असताना दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही ठुमरी ऐकली आणि त्या स्वराचा ध्यास घेऊन १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडले असे सांगितले जाते. या प्रसंगाकडे आपण गुरुशोधाची कथा म्हणून पाहतो. यंत्राच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते: तो मुलगा यंत्राचा मालक नव्हता, गिऱ्हाईकही नव्हता. उघड्या कर्ण्याचे संगीत रस्त्यावरच्या कुणाचेही होऊ शकत होते.

रेडिओने हीच सामूहिकता घरात आणली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि ५६ गीतांची ती माला वर्षभर चालली. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्याकडे शेजारपाजार जमे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, अशा आठवणी त्या पिढीतल्या पुष्कळांनी सांगितल्या आहेत. रेडिओ भिंतीवरच्या उंच फळीवर, देव्हाऱ्याच्या पातळीला ठेवलेला असे. श्रोते खाली सतरंजीवर बसत. बैठकीत गवयासमोर बसावे तशी ही रचना होती आणि श्रोत्याला त्यात नेमकी जागा होती.

त्या रेडिओवर बहुतेक घरांत एक क्रोशाने विणलेला रुमाल असे. पुढे दूरदर्शनसंचालाही तसेच आवरण लाभले. या रुमालाची आपण थट्टा करतो. परंतु व्हिक्टर कंपनीने महोगनी कपाटातून जे साधले तेच मराठी गृहिणी सुताच्या एका गुंडीतून साधत होती. परक्या यंत्राला घरातले करून घेण्याची ती रीत होती. देखणेपणाची ही पहिली कल्पना म्हणावी लागेल: यंत्र झाकले की ते सुंदर होते.

४

दुसरी कल्पना जर्मनीतून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या घरांत संगीतयंत्र म्हणजे चकचकीत पॉलिश केलेले, सोनेरी पट्ट्यांनी मढवलेले लांबलचक कपाट असे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांत नव्याने उभ्या राहणाऱ्या लहान सदनिकांना ते कपाट पेलवत नव्हते, आणि त्याच्या भपक्यातून डोकावणारा जुना काळ नव्या पिढीला नकोसा झाला होता. फ्रँकफर्टच्या ब्राऊन कंपनीची सूत्रे १९५१ मध्ये माक्स ब्राऊनच्या निधनानंतर त्याच्या मुलांकडे, आर्तुर आणि एर्विन यांच्याकडे आली. त्यांनी उल्म येथे नुकत्याच सुरू झालेल्या संकल्पन-विद्यालयातल्या हान्स गुगेलोट, ओट्ल आयशर यांना सोबत घेतले. १९५५ मध्ये डीटर राम्स हा तरुण वास्तुरचनाकार कंपनीत दाखल झाला.

या मंडळींच्या सहकार्यातून १९५६ मध्ये 'एसके ४' हा रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेला संच तयार झाला. वाकवलेल्या पत्र्याचे पांढरे अंग, दोन्ही बाजूंना एल्म लाकडाच्या साध्या फळ्या, समोर आवाजासाठी समांतर चिरा, आणि सगळी बटणे तबकडीच्या शेजारी वरच्या अंगाला. जमिनीवर उभे राहणारे कपाट जाऊन त्याजागी शेल्फवर मावेल अशी, दोन फुटांहून कमी लांबीची पेटी आली. पण तिची खरी नवलाई होती ती झाकणात. सुरुवातीला झाकण पत्र्याचे करायचे ठरले होते. आवाज वाढवला की ते थरथरून खडखडू लागे. राम्सने पारदर्शक प्लेक्सिग्लासचे झाकण सुचवले. खडखडाट थांबला आणि फिरणारी तबकडी, सुई, सगळे उघड दिसू लागले. जर्मनांनी या यंत्राला थट्टेने 'हिमगौरीची शवपेटी' म्हटले. पुढे दोन-तीन दशके जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरांवर तसेच पारदर्शक झाकण दिसत राहिले आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'एसके ४' आपल्या संग्रहात घेतला.

जे झाकण सौंदर्यदृष्टीचे प्रतीक मानले गेले त्याचा जन्म एका ध्वनिदोषातून झाला, ही बाब मला महत्त्वाची वाटते. व्हिक्ट्रोलाने डोळ्याच्या समाधानासाठी कान आवळला होता; इथे कानाची तक्रार ऐकताना डोळ्याला नवे सुख सापडले. यंत्राने यंत्रच दिसावे, त्याने कपाटाचे सोंग घेऊ नये, ही नीती त्या झाकणामुळे प्रत्यक्षात उतरली. १९५७ मध्ये बर्लिनला भरलेल्या 'इंटरबाऊ' या गृहरचना-प्रदर्शनातल्या नमुना-सदनिकांत ब्राऊनची उपकरणे मांडली होती. नव्या घराच्या चित्रात नवे यंत्र सामावले गेले होते.

या विचाराचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. उल्मच्या विद्यालयात शिकलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक संकल्पन केंद्र उभे केले. उल्मचे मूळ विद्यालय त्याआधी एक वर्ष, १९६८ मध्ये, बंद पडले होते.

५

'एसके ४' देखणा होता, आटोपशीर होता; पण त्यात एकच स्पीकर होता आणि तोही सुईशेजारीच, त्याच पेटीत. एका पेटीचा हा सुबक संसार मोडायला फार दिवस लागले नाहीत. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्येच द्विमार्गी ध्वनीचे पेटंट मागितले होते. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येत राहतो, हे चित्रपटगृहात त्याला खटकले, असे सांगतात. १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. ब्राऊनला स्पीकर पेटीबाहेर काढावा लागला. १९६२ च्या 'ऑडिओ १' संचात मधली सपाट पेटी वेगळी आणि दोन बाजूंचे दोन स्पीकर वेगळे आहेत. पुढे कित्येक वर्षे 'म्युझिक सिस्टिम' म्हटले की हीच त्रयी डोळ्यांपुढे येत असे.

स्टिरिओ हे भूमितीचे प्रकरण आहे. दोन स्पीकर आणि श्रोता हे साधारण समभुज त्रिकोणाचे तीन कोन झाले, तरच डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे आणि गाणारा मधोमध उभा राहतो. श्रोता बाजूला सरकला की चित्र विस्कटते. म्हणजे या यंत्राचा एक भाग खुर्ची हा आहे. ग्रामोफोनच्या कुत्र्याला जी जागा चित्रकाराने दिली होती, ती स्टिरिओने मोजमापासह ठरवून दिली. फरक एवढाच की त्रिकोणाच्या टोकावर एकालाच नीट बसता येते. सतरंजीवरची मंडळी त्यात मावत नाहीत.

दोन स्पीकर आले तेव्हा दोन कपाटांचा प्रश्न उभा राहिला. खर्ज ऐकवणारा स्पीकर तोवर शीतकपाटाएवढा असे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हेन्री क्लॉस यांच्या साथीने 'एआर-१' हा स्पीकर आणला. त्यांनी पेटी हवाबंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले. दोन फुटांच्या आसपास लांबीच्या, पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खर्ज उमटू लागला. घरगुती संचाच्या इतिहासात एवढी मोठी कामगिरी क्वचितच घडली असेल. अर्थात तिची किंमत होती: हा स्पीकर विजेच्या बाबतीत खादाड होता.

क्लॉस यांचे पुढचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम यामागे आहे. पेटी लहान असावी, स्वर खर्जापर्यंत उतरावा आणि थोड्या विजेत मोठा आवाज निघावा, या तीन मागण्यांपैकी कोणत्याही दोनच पुऱ्या होतात. संगीताच्या भाषेत सांगायचे तर, विजेचा खर्च तोच ठेवून स्पीकरला एक सप्तक खाली उतरवायचे असेल, तर पेटीतली हवा आठपट करावी लागते. लेखाच्या आरंभी सांगितलेली तीन विशेषणे एकमेकांशी का भांडतात याचे उत्तर या एका वाक्यात आहे. हा नियम कर्ण्यालाही छळत होता आणि आजच्या मुठीएवढ्या स्पीकरलाही छळतो.

तडजोड प्रामाणिक असू शकते याचा दाखला म्हणून बीबीसीच्या 'एलएस३/५ए' स्पीकरकडे पाहता येईल. बाह्यध्वनिक्षेपणाच्या मोटारगाडीत अभियंत्यांना आवाज तपासता यावा म्हणून तो १९७० च्या दशकात घडवला गेला. सुमारे एक फूट उंच आणि आत जेमतेम पाच लिटर हवा. त्याने सर्वांत खालचा खर्ज सोडून दिला, मोठ्या आवाजाचा हट्ट सोडला आणि मानवी कंठ जसा आहे तसा ऐकवण्यावर सारे लक्ष दिले. काय सोडायचे हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी बनवलेली ही वस्तू आज अर्ध्या शतकानंतरही नावाजली जाते.

६

१९३३ मध्ये जुनिचिरो तानिझाकी या जपानी कादंबरीकाराने सावलीच्या सौंदर्याविषयी एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात घर बांधताना विजेच्या तारा, नळ, पंखे कुठे लपवायचे या चिंतेने होते. पुढे तो म्हणतो की ग्रामोफोन आणि रेडिओ जपान्यांनी शोधले असते, तर ती यंत्रे त्यांच्या आवाजाच्या, संगीताच्या आणि संगीतातल्या मौनाच्या प्रकृतीला मानवणारी झाली असती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानी कंपन्यांनी अॅम्प्लिफायर, ट्यूनर, कॅसेट डेक यांचे छोटे छोटे खण एकावर एक रचलेले 'मिनी' संच बाजारात आणले, तेव्हा लहान घरांच्या त्या देशाने यंत्राला आपल्या मापात बसवले खरे. तानिझाकीला हवे असलेले मौन मात्र त्यात नव्हते. लुकलुकते दिवे आणि नाचते काटे होते.

याच सुमारास आकाराच्या प्रश्नाला एक निर्णायक उत्तर मिळाले. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन आला. कानाला चिकटलेल्या पडद्याला खोलीतली हवा हलवायची नसते. पडदा आणि कान यांच्यामधली चमचाभर हवा पुरते. हॉफमनचा नियम मोडला नाही, पण त्याला वळसा मिळाला. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन खाचा होत्या आणि ऐकता ऐकता दोघांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक नारिंगी बटणही होते. एकट्याने ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, ही शंका निर्मात्यांना होती. पुढच्या यंत्रांतून ते बटण नाहीसे झाले. शंकाही नाहीशी झाली असावी.

आपल्याकडे त्या दशकाचे यंत्र होते 'टू-इन-वन'. फिलिप्सच्या लू ओटेन्स यांच्या चमूने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने ते शक्य केले. खिशात मावेल अशा लाकडी ठोकळ्यावरून ओटेन्स यांनी कॅसेटचे माप ठरवले होते. आखातातून कोकणात परतणाऱ्या माणसांच्या सामानात टू-इन-वन हमखास असे. त्याला मूठ होती. ते माजघरातून ओटीवर, ओटीवरून खळ्यात जाऊ शकत होते. भजनी मंडळांपासून लोकनाट्यापर्यंत, मोठ्या कंपन्यांनी ज्यांना कधी विचारले नव्हते अशा आवाजांना कॅसेटने जागा दिली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात ही लोकशाही तपशिलाने मांडली आहे. ध्वनीच्या शुद्धतेचे शास्त्र टू-इन-वनला नावे ठेवील. पण घरातल्या बाईला आपल्या हाताने, आपल्या वेळेला, आपल्या आवडीचे ऐकता येणे ही लहान गोष्ट नव्हती. श्रोत्याची ठरलेली जागा मोडण्यात असाही एक लाभ होता, हे विसरता कामा नये.

उरली ती एका पेटीची जुनी ओढ. बंगालमधून अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या क्रांतिकारकाचे पुत्र, एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस यांनी ती पुरी करण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यांच्या कंपनीच्या १९८४ च्या आणि पुढे १९९३ च्या 'वेव्ह' यंत्रांत एक लांब नळी घड्या घालून बसवलेली आहे. तिच्यामुळे इवल्याशा पेटीतून भरीव खर्ज येतो. १९२५ च्या कपाटात घड्या घालून बसवलेला सहा फुटी कर्णा आठवावा. तत्त्व अगदी तेच नसले तरी युक्तीचे गोत्र एक आहे.

त्यानंतरची वाटचाल सर्वांच्या परिचयाची आहे. २००१ च्या आयपॉडची तुलना राम्सच्या १९५८ च्या 'टी३' या खिशातल्या रेडिओशी वारंवार केली गेली आहे. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही मागे पडली. आणि आज शेल्फवर उरला आहे कापडात गुंडाळलेला एक गोल डबा, ज्याला फक्त नावाने हाक मारायची. बटणे जवळजवळ नाहीत, सुई नाही, फिरणारे काही नाही. क्रोशाचा रुमाल यंत्राचे अंगच झाला आहे. झाकण्याची आणि उघडे ठेवण्याची, दोन्ही परंपरांची ही विचित्र सांगता म्हटली पाहिजे: यंत्र कपाटाचे सोंग घेत नाही, पण स्वतःचे कामही दाखवत नाही.

७

मग आज निवड कशी करावी? इतिहासातून याचे उत्तर काही प्रमाणात मिळते. तंबोरा ही आपल्या हाताशी असलेली उत्तम कसोटी आहे. गवयाचा षड्ज काळी एकचा धरला, तर तो सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा होतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ कंपनांच्या आसपास. लहान पेटी बहुधा या सप्तकातच कुठेतरी हात टेकते. तरीही खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या उपस्वरांवरून कान मूळ स्वराची कल्पना करून घेतो. कान वाचकासारखा आहे. गाळलेल्या जागा तो भरतो. पण ऐकलेला खर्ज आणि कल्पिलेला खर्ज यांत अंतर राहते, आणि डग्ग्याची घुमक नुसती टकटक होऊन उरते ती याच कारणाने. आवाज हळूहळू वाढवत नेला म्हणजे पुष्कळ देखण्या संचांत खर्ज मागे सरतो आणि गळा पुढे येऊन किंचाळू लागतो. दुकानात एवढी एक परीक्षा अवश्य करावी.

दुसरी गोष्ट, आपण काय ऐकतो. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई यांच्या जुन्या तबकड्या एकमार्गी मुद्रणाच्या आहेत. त्यांना दोन स्पीकर लागत नाहीत. एकच, पण चांगला पुरतो. स्टिरिओच्या काळातले मुद्रण ऐकायचे असेल, तर ज्याचे स्पीकर एकमेकांपासून चार-सहा फूट दूर ठेवता येतील असा लहान संच एकसंध पेटीपेक्षा बरा. पेटीवर 'स्टिरिओ' असे छापल्याने वीतभर अंतरावरच्या दोन स्पीकरांचा त्रिकोण होत नाही. खर्ज आणि मोठा आवाज यांपैकी एक सोडावे लागले, तर लहान घरात मोठा आवाज सोडणे शहाणपणाचे आहे.

तिसरी गोष्ट यंत्राबाहेरची आहे आणि माझ्या मते तीच पहिली असायला हवी. संच कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी ऐकणारा कुठे बसणार हे ठरवावे. आपल्या महाविद्यालयांतून येणारे विद्यार्थी संगीत पुष्कळ ऐकतात, कदाचित आपल्या पिढीहून अधिक. पण ते चालताना, लिहिताना, प्रवासात ऐकतात; ऐकण्यासाठी म्हणून बसणे त्यांच्या दिनक्रमात नाही. याचा दोष त्यांना देण्याचे कारण नाही. त्यांच्या भोवतीच्या यंत्रांत बसणाऱ्याची जागाच आखलेली नाही. कवितेचे वाचन मांडी घालून, आवाज लावून करावे लागते हे आपण त्यांना सांगतो, आणि विलंबित ख्याल मात्र स्वयंपाकघरातल्या डब्यातून झिरपत राहतो.

सव्वाशे वर्षे उद्योगाने एकच प्रश्न विचारला: कर्णा कुठे ठेवायचा? तो कपाटात गेला, पेटीत गेला, नळीच्या घड्यांत गेला, शेवटी कानात गेला. एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात दोन लहान स्पीकर, त्यांच्यासमोर एक सतरंजी आणि तिच्यावर तिघाचौघांना पुरेल एवढी मोकळी जागा, एवढी तजवीज आपल्यापैकी बऱ्याच जणांना अजूनही परवडते. त्रिकोणाच्या टोकावर एकच जण बसू शकतो हे खरे. त्याची जागा आळीपाळीने घ्यावी.